झांझिबारची मसाल्याची बाग आणि समुद्र: आधी तिथी बघा, मग गाडी ठरवा

झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी पोहोचलेला पाहुणा खोलीत बॅग टाकतो, टॉवेल खांद्यावर घेतो आणि वाळूवर येऊन थबकतो. समोर समुद्रच नसतो. ओली पांढरी वाळू, हिरवट डबकी, कलंडलेल्या होड्या आणि किलोमीटरभर लांब प्रवाळाच्या कडेवर फुटणाऱ्या लाटांची रेघ. फोटोतलं निळं पाणी परत येईपर्यंत अंधार पडलेला असतो. यात हॉटेलवाल्याची लबाडी नाही. इथे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या आसपास जातो आणि पूर्वेकडचा तळ इतका उथळ आहे की पाणी उतरलं की लांबच लांब जातं.

मसाल्याची बाग बघायला मात्र भरती लागत नाही. म्हणून या सहलीचं साधं सूत्र असं: ओहोटीचे तास बागेला, भरतीचे तास समुद्राला. टूरवाल्यांची ठरीव वेळापत्रकं हे सूत्र पाळत नाहीत, ते तुम्हालाच पाळावं लागतं.

तिथीवरून वेळ काढणं

कोकणात खाडीकाठी पाऊणपटीचा हिशेब चालतो. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. झांझिबारला त्यात साधारण चार तास मिळवायचे, उत्तर तिथल्या घड्याळात येतं. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला भरती पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास, ओहोटी सकाळी दहाला. पंचमीला भरती पावणेआठला. अष्टमीला भरती सकाळी दहाला आणि ओहोटी दुपारी चारला. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, त्यामुळे तारखा ठरल्या की झांझिबारच्या भरती तक्त्यातून खात्री करून घ्या. पण विमानाचं तिकीट काढताना कालनिर्णय पुरतं.

यातून दोन प्रकारचे दिवस निघतात. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आगेमागे दोन-तीन दिवस: सकाळी नऊ ते बारा बाग, जेवण, दुपारी किनारा. अडीच-तीनला पोहोचलात तर पाणी चढतं असतं आणि सूर्य मावळेपर्यंत, म्हणजे सव्वासहा ते पावणेसातपर्यंत, पोहता येतं. विषुववृत्त जवळ असल्याने सूर्यास्ताची वेळ वर्षभर फारशी हलत नाही. दुसरा प्रकार अष्टमीच्या आसपासचा: सकाळी समुद्र, दुपारी बाग. या दिवसांत भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं पण कमीच उतरतं, त्यामुळे चूक झाली तरी दिवस पूर्ण वाया जात नाही. सगळ्यात अडचणीची तृतीया-चतुर्थी. ओहोटी भर दुपारी बारा-एकला, आणि उधाणाचा जोर अजून ओसरलेला नसतो. हे दिवस स्टोन टाउनच्या, म्हणजे झांझिबार शहराच्या जुन्या भागाच्या, गल्ल्यांसाठी ठेवा.

निघण्याआधी

झांझिबार टांझानियात असलं तरी त्याचं स्वतःचं सरकार आहे, आणि त्याचे काही नियमही वेगळे आहेत. भारतीय पासपोर्टवर सामान्य पर्यटक व्हिसा ५० डॉलरचा, तो ऑनलाइन काढता येतो. शिवाय १ ऑक्टोबर २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना झांझिबारच्या सरकारी विमा कंपनीचा प्रवास विमा सक्तीचा आहे, प्रौढांसाठी ४४ डॉलर. भारतात काढलेला विमा याला पर्याय म्हणून चालत नाही. तो ऑनलाइन भरून पावती कागदावर छापून ठेवा, नाहीतर विमानतळावर वेगळ्या रांगेत उभं राहावं लागतं.

नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जाणार असाल तर पीतज्वराची लस घेऊन टाकणं बरं. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतं आणि भारतात ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, म्हणून महिनाभर आधी नंबर लावा. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा आणि किनाऱ्यावर जाणार हे आवर्जून सांगा. डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांची कातडी उन्हाने लवकर भाजते.

पैसे टांझानियन शिलिंगमध्ये. सगळ्यात मोठी नोट १०,००० ची, त्यामुळे पाकीट फुगतं. विमानतळावर उतरल्यावर थोडे बदलून घ्या आणि १,००० आणि २,००० च्या नोटा मुद्दाम मागा, बागेत त्याच लागतात. डॉलर नेणार असाल तर २००६ पूर्वीच्या किंवा फाटक्या, शाई लागलेल्या नोटा नकोत. कोणी हात लावत नाही. प्लग इंग्लंडसारखे चौकोनी तीन पिनांचे. प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर देशभर बंदी आहे, कापडी पिशव्या न्या.

कधी जायचं? मार्च अखेर ते मे हा मसिका, म्हणजे मोठा पाऊस. बागेतली लाल माती तेव्हा शेवाळलेल्या पायरीसारखी घसरते. नोव्हेंबरच्या सुमारास वुली, छोटा पाऊस, सरींवर सरी पण दिवस मोकळा मिळतो. जून ते सप्टेंबर कुसी वारा आग्नेयेकडून वाहतो: हवा आल्हाददायक, पण पूर्व किनाऱ्यावरच्या पाजे-जांबियानीकडे वाळू उडते आणि पतंग लावून लाटांवर घसरणाऱ्यांची गर्दी असते. डिसेंबर ते फेब्रुवारी कास्काझी, ईशान्येचा वारा, ऊन कडक. लवंग तोडताना बघायची असेल तर जुलैपासून पुढचे दोन-तीन महिने साधा.

घड्याळाचा घोळ

गाडी ठरवताना सगळ्यात जास्त फसगत इथे होते. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे "साआ मोजा", एक वाजला. ड्रायव्हरने "साआ तातू" म्हटलं तर तीन नव्हे, सकाळचे नऊ. पाहुण्यांशी इंग्रजीत बोलतानाही काहींच्या तोंडून तोच आकडा निघतो. वेळ पक्की करताना आकड्यात सहा मिळवा आणि पुन्हा विचारा: "असुबुही?" म्हणजे सकाळी ना?

बाग कुठे आणि कोणती

मसाल्याच्या बागा समुद्रावर नाहीत, याला कारण जमीन. उंगुजा, म्हणजे झांझिबारचं मुख्य बेट, त्याचा पूर्वेकडचा भाग म्हणजे प्रवाळाचा खडक, वर मातीचा पातळ थर. खोल, लाल, पाणी धरणारी माती पश्चिम आणि मध्य भागात आहे, म्हणून किझिंबानी, किदिची, डोले ही मसाल्याची गावं तिकडे, स्टोन टाउनपासून साधारण पंधरा किलोमीटर, अर्ध्या-पाऊण तासावर. तिथून पाजेला जायला तास-सव्वा तास, उत्तरेला नुंगवीला त्याहून थोडं जास्त. बाग करून थेट किनाऱ्यावर जायचं तर सामान गाडीतच ठेवायची बोली आधी करून घ्या. परत स्टोन टाउनला येऊन पुन्हा निघण्यात दोन तास जातात, आणि नेमके भरतीचे.

एक गोष्ट समजून जा. पाहुण्यांना दाखवतात ती बहुतेक ठिकाणी दाखवायचीच बाग असते: दोन जायफळं, चार मिरवेली, एक व्हॅनिलाचा मांडव. तिथे मैलभर पसरलेली लागवड शोधू नका. मोठ्या प्रमाणावरचं पीक एकच, लवंग, आणि तिचाही मोठा वाटा शेजारच्या पेंबा बेटावर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लवंग इथे आली, ओमानचा सुलतान सय्यद सईद याने १८४० च्या सुमारास राजधानीच मस्कतहून इकडे हलवली, आणि गुलामांच्या श्रमावर हे मळे उभे राहिले. १८७२ च्या चक्रीवादळात उंगुजावरची लवंगेची झाडं मोठ्या प्रमाणात आडवी झाली, पेंबावरची बरीच वाचली. तेव्हापासून पारडं तिकडे झुकलं. किदिचीला सईदने आपल्या इराणी पत्नीसाठी बांधलेलं हमाम आहे, बागेच्या वाटेवर वीस मिनिटं थांबायला चांगलं.

गाडी ठरवताना तीन प्रश्न विचारा: बागेचा प्रवेश धरला आहे का, जेवण आहे का, आणि गटात किती माणसं. दहाच्या वर माणसं असली की मागच्यांना वासही येत नाही आणि वाटाड्याचं बोलणंही ऐकू येत नाही. चार-सहा जणांची गाडी थोडी महाग पडते, पण फरक पडतो. रस्त्यात गाठून "स्वस्तात नेतो" म्हणणाऱ्यांना तिथे पपासी म्हणतात, म्हणजे गोचीड. "हपाना, असांते" म्हणून हसून पुढे चालू लागा. वाद घातलात की ते चिकटतात.

बागेत काय बघायचं

कोकणातल्या माणसाला मिरवेल आणि जायफळ नवं नाही, त्यामुळे वाटाड्याने पान चुरगळून "ओळखा पाहू" म्हटलं की तुम्ही पटकन सांगाल आणि त्याचा खेळ संपेल. त्याला सांगा की आम्हाला झाड माहीत आहे, काम दाखव. मग फेरी रंगते.

लवंगेची कळी बघा. ती तोडायची वेळ फार नेमकी असते: हिरवट कळीवर गुलाबी छटा चढली पाहिजे, पण फूल उमलता कामा नये. उमललं की कळीच्या टोकाची गोल टोपी गळून पडते आणि भाव उतरतो. झुबके हाताने तोडून कळ्या देठापासून वेगळ्या करतात आणि चटयांवर चार ते सात दिवस उन्हात वाळवतात; वजन साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतं. मधे पाऊस आला आणि ढीग झाकून ठेवावा लागला तर कळी घामेजते, फिकट पडते. हंगामात रस्त्याकडेला या चटया दिसतात. गाडीच्या काचा खाली करा.

दालचिनीचं फक्त खोड बघून पुढे जाऊ नका. मुळाचा तुकडा खरवडून वास घ्यायला मागा. खोडाच्या सालीला दालचिनीचा वास, मुळाला चक्क कापराचा, आणि पानाला लवंगेच्या जवळ जाणारा. एकाच झाडात तीन वास. व्हॅनिलाचं फूल जेमतेम एक दिवस उघडं राहतं. ही वेल मूळची मेक्सिकोची, तिथली परागण करणारी मधमाशी इथे नाही, म्हणून काडीने आतला पडदा उचलून परागण हाताने करतात. शेंग तयार व्हायला नऊएक महिने लागतात आणि नंतरची वाफ-ऊन-सावली वेगळीच. व्हॅनिला महाग का, ते त्या मांडवाखाली दोन मिनिटांत कळतं.

शब्दांचाही एक खेळ आहे. वेलची इथे इलिकी, दालचिनी म्दालासिनी, अननस नानासी, दुकान दुका, साबण साबुनी, बंदर बंदारी. कोशिंबिरीसारखा कांदा-टोमॅटोचा प्रकार काचुम्बारी. खवणीला मात्र म्बुझी म्हणजे शेळी म्हणतात, कारण तिच्यावर स्वार होऊन बसायचं आणि पुढच्या दातेरी पात्यावर खोबरं खवायचं.

फेरीच्या शेवटी एक तरुण पायात दोराचा फास अडकवून गाणं म्हणत माडावर चढतो, दुसरा झावळीची टोपी, टाय, पिशवी विणून तुमच्या अंगावर चढवतो. हे बिदागीसाठी आहे. २,००० ते ५,००० शिलिंग ठीक. नको असेल तर टोपी डोक्यावर चढायच्या आधी नको म्हणा, नंतर काढून देणं दोघांनाही अवघड जातं.

बागेतून थेट समुद्रावर जाताना होणारी चूक

हा भाग नीट वाचा, कारण याबद्दल सहसा कोणी सांगत नाही. बागेत फळांची चव देतात: पपनस, अननस, हिरवं लिंबू पिळलेलं काहीतरी. लिंबाचा रस हातावर ओघळतो, पुसला जातो, विसरला जातो. लिंबाच्या रसातली, विशेषतः सालीतली, काही द्रव्यं उन्हातल्या अतिनील किरणांबरोबर कातडी भाजतात. दोन तासांनी तुम्ही वाळूवर पडता. त्या दिवशी काहीच दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मनगटावर ओघळाच्या आकाराचा लाल पट्टा, कधी फोड, आणि नंतर आठवडेच्या आठवडे न जाणारा तपकिरी डाग. मुलांच्या गालावर आईच्या बोटांचे ठसे उमटल्याचंही दिसतं, कारण लिंबू हाताळलेला हात तसाच गालावर फिरलेला असतो. उपाय एकच: बागेतून निघताना कोपरापर्यंत हात आणि तोंड साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने ते जात नाही.

तिथे विकत घेतलेली सुगंधी तेलं त्या दिवशी अंगाला लावू नका, उन्हात तर नाहीच. लवंगेचं शुद्ध तेल कातडीवर थेट लावलं तर ती भाजते; खोबरेल तेलात दोन-चार थेंब, एवढंच. शेंदरीच्या बिया ओठांना लावून फोटो काढायची पद्धत आहे. रंग ओठांवरून जातो, कपड्यांवरून जात नाही, म्हणून पांढरं काही घालू नका. आणि हिरवी मिरी, मिरची हाताळलेल्या बोटांनी सनस्क्रीन तोंडाला चोळू नका; डोळ्यांची आग समुद्राच्या पाण्याने वाढते.

कपडे: पूर्ण पँट, बंद बूट, डासांचं मलम. खाली पोहण्याचे कपडे घालून गेलात तरी वर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. ही मुस्लिम वस्तीची गावं आहेत. रमजानात दिवसा रस्त्यावर खाणंपिणंही टाळा.

काय घ्यायचं, काय नाही

केशर म्हणून विकतात ते केशर नाही, सहसा करडईच्या फुलाच्या पाकळ्या असतात. झांझिबारच्या हवेत केशर पिकत नाही. पूड घेऊ नका, आतलं काही कळत नाही. अख्खं जायफळ, जायपत्री, लवंग, दालचिनीचा पापुद्रा घ्या. लवंगेच्या देठाला नख दाबा, तेल उमटलं पाहिजे. संशय असेल तर पाण्यात टाका: चांगली लवंग बुडते किंवा उभी राहते, तेल काढून घेतलेली आडवी तरंगते. व्हॅनिलाची शेंग बोटाभोवती गुंडाळता आली पाहिजे. कडक, मोडणारी शेंग जुनी. बागेतलं पाकीट स्टोन टाउनच्या दाराजानी बाजारापेक्षा बहुधा महाग असतं, पण फेरी दाखवणाऱ्यांचं उत्पन्न त्यावरही असतं, तेव्हा एखादं तिथे घ्यायला हरकत नाही. लवंगेची घाऊक खरेदी मात्र सरकारी महामंडळाकडेच आहे. कोणी पोतंभर स्वस्तात देऊ केलं तर त्या भानगडीत पडू नका.

किनारा निवडणं आणि उथळ पाण्यात चालणं

दिवसभर कधीही पोहायचं असेल तर उत्तरेला नुंगवी-केंदवा. तिथे तळ लवकर खोल होतो, ओहोटीतही पाणी हाताशी राहतं, आणि तोंड पश्चिमेला असल्याने सूर्यास्त समुद्रात दिसतो. गर्दी आणि गाणीबजावणी मात्र भरपूर. पाजे, जांबियानी, मातेम्वे ही पूर्वेची गावं शांत, सूर्योदयाची, आणि भरतीच्या तालावर चालणारी. आळसावून पडायला पूर्व किनारा उजवा आहे, तिथी सांभाळली तर.

ओहोटीत तिथे कंटाळा येत नाही. उघड्या तळावर म्वानी, म्हणजे समुद्री शेवाळाची शेती दिसते: काठ्या, त्यांना ताणलेल्या दोऱ्या, दोऱ्यांना बांधलेले गुच्छ, आणि गुडघाभर पाण्यात काम करणाऱ्या बाया. दोऱ्या तुडवू नका आणि विचारल्याशिवाय बायांचे फोटो काढू नका. पायात रबरी तळाचे बूट घाला, चपला नकोत. खडकांच्या खळग्यांत लांब काळ्या काट्यांचे समुद्री साळू असतात. काटा मोडून आत राहिला तर सुईने उकरू नका, तो ठिसूळ असतो आणि आणखी तुकडे होतात. सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास पाय बुडवून ठेवा, वर आलेले तुकडे चिमट्याने काढा, सांध्याजवळ रुतला असेल किंवा सूज चढली तर डॉक्टर.

परतायची वेळ मात्र ठरवून निघा. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन. म्हणजे चार मीटरच्या उधाणात मधल्या दोन तासांतच दोन मीटर. शिवाय आधी किनाऱ्याजवळची पन्हाळी भरते आणि तुम्ही उभे असलेला वाळूचा उंचवटा कोरडाच राहतो, त्यामुळे मागचा रस्ता बंद झाल्याचं उशिरा लक्षात येतं. पूर्ण ओहोटीच्या वेळेला जास्तीत जास्त लांब असा, आणि तिथून लगेच माघारी वळा.

जेवणाचं: शाकाहारी असाल तर "सिली न्यामा वाला समाकी", मांस आणि मासे खात नाही, हे पाठ करा. नुसतं "न्यामा नको" म्हटलं तर मासे येतात. नारळाच्या दुधातला भात वाली वा नाझी, नारळातली राजमासारखी उसळ माहारागे, म्चिचा ही माठासारखी पालेभाजी, आणि चपाती, जी तिथेही चपातीच. हॉटेलात सांगायचं ते तासभर आधी सांगा, रांधायला घेतात तेव्हापासून.

परतीच्या बॅगेत मसाले हवाबंद डब्यात, कपड्यांपासून वेगळे, नाहीतर पुढचे सहा महिने शर्टांना जायफळाचा वास येईल. शंख, प्रवाळ, कासवाच्या पाठीच्या वस्तू घेऊ नका. बिया, रोपं, आल्या-हळदीचे ओले गड्डे भारतात परवान्याशिवाय आणता येत नाहीत, ते तिथेच ठेवा. व्हॅनिलाच्या शेंगा मेणकागदात गुंडाळून काचेच्या नळीत. फ्रिजमध्ये ठेवल्यात तर त्या कडक होतात.